अंगठ्याचं वळण

गेलं वर्षभर माझ्याकडे दोन फोन आहेत. एक माझा स्वतःचा, अँड्रॉइडवाला. दुसरा ऑफिसने दिलेला आयफोन. दोन्ही काळे, दोन्ही साधारण एकाच मापाचे. अर्धवट झोपेत हात लांब करून उचलला तर हातात कुठला आलाय ते डोळ्यांना कळत नाही, अंगठ्याला कळतं. म्हणजे अंगठा चुकतो, आणि मग कळतं की हा दुसरा आहे.

चूक नेहमीची, ठरलेली. फोन उजव्या हातात. काहीतरी वाचून झालंय, आता मागच्या पानावर जायचंय. अंगठा न विचारता स्क्रीनच्या उजव्या कडेवर जातो आणि आत सरकतो. अँड्रॉइडवर एवढं पुरतं; कडेपाशी छोटासा बाण डोकावतो आणि आधीचं पान समोर येतं. आयफोनवर एक तर काहीच होत नाही, किंवा सफारीत, म्हणजे आयफोनच्या ब्राउझरमध्ये, असेन तर उलटंच होतं. मघाशी मुद्दाम सोडून आलेलं पुढचं पान पुन्हा दत्त म्हणून उभं. मागे जायला निघावं आणि पुढे पोचावं, तसं.

दोन फोन दिसले की लोक विचारतात, "मग, कुठला बरा?" त्यांना कॅमेऱ्याबद्दल ऐकायचं असतं, बॅटरीबद्दल ऐकायचं असतं. मी म्हणते, मागे जायला अँड्रॉइड बरा. यावर समोरचा माणूस जरा थांबतो आणि विषय बदलतो. पण मला खरंच तसं वाटतं. दिवसभरात आपण फोनवर सगळ्यात जास्त वेळा काय करतो? उघडतो आणि मागे येतो. उघडणं दोन्हीकडे सारखंच आहे, चिन्हावर बोट ठेवलं की झालं. मागे येण्यात मात्र दोघांचं एकमत नाही, आणि हा मतभेद पहिल्या दिवसापासूनचा आहे.

पहिला अँड्रॉइड फोन २००८ च्या शरद ऋतूत बाजारात आला. एचटीसीने बनवलेला, सरकवून उघडायचा कीबोर्ड असलेला, जाडजूड. त्याला चक्क दाबायची बटणं होती, आणि त्यातलं एक होतं 'मागे'. तुम्ही कुठल्याही ॲपमध्ये असा, ते बटण जागचं हलत नसे. मागे नेणं हे फोनचं काम, ॲपचं नाही, असा त्यामागचा करार. पुढे बटणं स्क्रीनवर चढली, त्रिकोण-वर्तुळ-चौकोन झाली. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आलं आणि त्रिकोणही ऐच्छिक होऊन दोन्ही कडांवरचा सरकावा आला. करार मात्र तोच राहिला.

आता या कराराचीही गंमत आहे. 'मागे' म्हणजे नेमकं कुठे? समजा मी निरोपांच्या ॲपमध्ये आहे. वरून ईमेलची सूचना आली, मी तिच्यावर टिचकी मारली, ईमेल उघडला. आता मागे. मी जिथून आले तिथे, म्हणजे निरोपांत जायचं? की ईमेल ज्या घरात राहतो तिथे, म्हणजे इनबॉक्समध्ये? एक उत्तर वेळेचं आहे, दुसरं जागेचं. २०११ च्या सुमाराला गूगलने यावर तोडगा म्हणून दोन बाण दिले: वर डावीकडचा बाण घरातल्या घरात वरच्या मजल्यावर नेणार, खालचा त्रिकोण आल्या वाटेने परत नेणार. कागदावर हे इतकं तर्कशुद्ध दिसतं की कुणीतरी फळ्यावर आकृती काढून पटवून दिलं असणार. हातात मात्र दोन बाण, दोन अर्थ, आणि कुठला कुठे नेईल याचा दर वेळी अंदाज. शेवटी बहुतेकांनी वरचा बाण सोडून दिला आणि खालचाच दाबत राहिले, नको तिथे पोचलो तर अजून एकदा दाबू म्हणत. अनेक ॲपमध्ये डावीकडून मेन्यूचा पडदा ओढायची सोय होती, तीही २०१९ नंतर मागे जाण्याच्या सरकाव्याखाली चेंगरली. पडदा ओढायला जावं आणि ॲपमधूनच बाहेर पडावं, असं काही महिने चाललं होतं.

आयफोनने हा प्रश्न स्वतःला विचारलाच नाही. २००७ साली त्याला समोर एकच बटण होतं, ते थेट घरी नेणारं. मागे जायचं असेल तर ॲपने बघून घ्यावं. ॲपवाल्यांनी बहुतेक वेळा बाण ठेवला वर डाव्या कोपऱ्यात. तेव्हा त्यात वावगं काहीच नव्हतं, कारण तो फोन साडेतीन इंचांचा होता आणि कुठल्याही अंगठ्याला कुठलाही कोपरा पुरत असे. मग फोन वाढत गेले, बाण जिथल्या तिथे राहिला. पॉल फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडून ठेवलं होतं की लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. आजच्या मोठ्या फोनवरचा डावा-वरचा कोपरा उजव्या अंगठ्यासाठी नेमका तसा आहे, लांबही आणि लहानही.

ॲपलला हे कळलं नव्हतं असं नाही. २०१३ च्या आयओएस ७ मध्ये, म्हणजे आयफोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सातव्या आवृत्तीत, डाव्या कडेवरून सरकवून मागे जायची सोय आली. २०१४ मध्ये फोन एकदम मोठा केला तेव्हा होम बटणाला दोनदा हलका स्पर्श केला की अख्खी स्क्रीन अर्ध्यावर खाली उतरेल अशी युक्ती दिली. अंगठा वर पोचत नाही ना, मग छतच खाली आणू! मला या युक्तीचं हसूही येतं आणि कौतुकही वाटतं. २०१५ मध्ये एका ॲपमधून दुसऱ्यात गेलं की आधीच्या ॲपचं नाव वरच्या पट्टीत बारीक अक्षरांत दिसू लागलं, त्यावर बोट ठेवलं की परत. पुन्हा तोच कोपरा, आणि आता अक्षरंही मुंगीएवढी. अगदी अलीकडे, आयओएस २६ मध्ये, अनेक ॲपमध्ये कड न शोधता स्क्रीनच्या मधूनही सरकवता येऊ लागलं आहे. म्हणजे एकेक करून ठिगळं लावत ते त्याच करारापाशी चाललेत, पण सही करायला तयार नाहीत.

हे सगळं मी माझ्या बहिणीला तावातावाने सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काय त्यात एवढं?" ती कित्येक वर्षं आयफोन वापरते. ती डावखुरी आहे. तिचा अंगठा मुळातच डाव्या कडेवर विसावलेला असतो.

माझं कदाचित इथेच थांबलं असतं, पण बहिणीने तिचा जुना आयफोन बाबांना दिला. बाबांकडे त्याआधी त्रिकोण-वर्तुळ-चौकोनवाला फोन होता आणि त्या त्रिकोणावर त्यांचा फार जीव. काहीही झालं की त्रिकोण. जाहिरात आली, त्रिकोण. चुकून कॅमेरा उघडला, त्रिकोण. नव्या फोनवर पहिल्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"अगं, यातून मागे कसं यायचं?"

"स्पीकरवर टाका बाबा. आता सांगा, समोर काय दिसतंय?"

"तू पाठवलेला फोटो."

"वर डाव्या कोपऱ्यात बाण आहे का?"

"बाण नाही. फुली आहे."

"मग ती दाबा."

यावर ते गप्प. मला वाटलं लाइन तुटली.

"नको," ते म्हणाले. "फोटो जायचा."

मी हसले, आणि मग हसू ओसरलं. बाबा तीस वर्षं टंकलेखक होते. टाइपरायटरवर फुलीला एकच अर्थ असतो: खोडलं. चुकलेल्या शब्दावर एकापाठोपाठ फुल्या ठोकायच्या आणि पुढे जायचं. परीक्षेच्या कागदावर, अर्जावर, यादीत, सगळीकडे फुली म्हणजे नाही, चूक, रद्द. आणि फोन म्हणतो फुली म्हणजे 'बघून झालं'. त्याच फोनवर दुसऱ्या एका ठिकाणी फुली म्हणजे लिहिलेलं सगळं पुसणं. तिसरीकडे जाहिरात बंद करणं. आम्हाला हे अर्थ संदर्भाने कळतात असं आपण समजतो. खरं म्हणजे आपण इतक्यांदा चुकलोय की आता कळतात.

त्या दिवशी मी ऑफिसचा आयफोन हातात घेऊन बसले आणि मागे यायचे किती प्रकार आहेत ते बघत गेले. कुठे बाण. कुठे फुली. कुठे 'डन', कुठे 'कॅन्सल'. फोटो खाली ओढला की तो लहान होऊन आपल्या जागी जातो. खालून वर आलेला कागद असेल तर तोही खाली ओढायचा. २०१९ पासून हे कागद सगळीकडे दिसतात. बाबांना हे ओढणं सांगितलं तर त्यांनी विचारलं, "कशाला धरून?" मी स्क्रीनकडे बघितलं. धरायला खरंच काही नव्हतं. कागदाच्या वरच्या काठाशी कधी कधी एक करडी रेघ असते, ती मला माहीत होती म्हणून दिसली.

टाइपरायटरवरची मागे जायची कळ काहीच पुसत नाही, हे मला बाबांनीच लहानपणी दाखवलं होतं. कळ दाबली की गाडा एक घर मागे सरकतो, अक्षर कागदावर तसंच. मागे जाणं वेगळं आणि पुसणं वेगळं, त्या यंत्रात ही दोन कामं कधी एकमेकांत मिसळली नाहीत. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर त्याच नावाची कळ अक्षर खाऊन टाकू लागली तेव्हा बाबांना तो विश्वासघात वाटला होता. फोनपर्यंत येईतो मागे जाणं, बंद करणं, पुसणं आणि केलेलं रद्द करणं या चारही गोष्टींचा पार काला झाला.

रद्द करण्याचंच बघा. आयफोनवर एखादं वाक्य चुकून पुसलं गेलं तर फोन हलवायचा. गदागदा. औषधाची बाटली हलवतात तसा. स्क्रीनवर प्रश्न येतो, टायपिंग रद्द करायचं का? २००९ पासून ही सोय आहे आणि मला ती अनेक वर्षं भर चालताना, धावताना, नको तेव्हाच भेटत आली. तीन बोटं डावीकडे सरकवूनही हेच होतं, ते २०१९ मध्ये आलं, पण एका हाताने फोन धरणाऱ्याने तीन बोटं आणायची कुठून? अँड्रॉइडवर याबाबत हसायची सोय नाही, कारण तिथे सगळीकडे एकसारखी अशी खूणच नाही. ॲपने दिली तर दिली, कीबोर्डने दिली तर दिली. सावरायच्या बाबतीत दोघेही नापास. आयफोन निदान पेपर सोडवून नापास झालाय.

बाकीच्या बऱ्याचशा गोष्टींवर मात्र आता भांडायला उरलंय तरी काय? एकेकाळी ही यादी मोठी होती. वरून ओढायचा सूचनांचा पडदा अँड्रॉइडकडे आधीपासून, आयफोनकडे २०११ मध्ये. होम स्क्रीनवर विजेट ठेवणं आयफोनला २०२० मध्ये जमलं, आणि त्याच वर्षी आलेला कॉल अख्खी स्क्रीन न बळकावता वरच्या पट्टीत मावू लागला. चिन्हं हवी तिथे मोकळी जागा सोडून मांडणं, डायलच्या आकड्यांवरून नाव शोधणं, हे २०२४ मध्ये. उलट दिशेनेही तेवढीच ये-जा: ॲपने कॅमेरा, माइक, पत्ता हे सगळं गरज पडेल तेव्हा एकेक करून विचारावं, ही शिस्त आयफोनकडे आधी होती, अँड्रॉइडने २०१५ मध्ये घेतली. एका घरात भांडी लागली की दुसऱ्या घरी आवाज जातो.

आणि दोघांनी मिळून तिसऱ्यांचंही उचललं. २००९ चा पाम प्री नावाचा फोन आठवणारे आता फार नसतील. त्याच्या वेबओएस या सॉफ्टवेअरमध्ये उघडी ॲप पत्त्यांसारखी एका रांगेत दिसायची, नको ते वर भिरकावून द्यायचं. आज दोन्ही फोनवर आपण हेच करतो. ते बनवणाऱ्यांतले मातियास दुआर्ते २०१० मध्ये गूगलकडे गेले. २०११ च्या नोकिया एन९ ला तर समोर एकही बटण नव्हतं, कुठल्याही कडेवरून सरकवलं की घरी. विंडोज फोनच्या होम स्क्रीनवरच्या, आपोआप बदलत राहणाऱ्या जिवंत चौकटी मला अजूनही सुंदर वाटतात. बंद पडलेल्या दुकानाची पाटी सुंदर वाटावी तशा. हरलेल्यांच्या खाणाखुणा आपल्या अंगठ्यात आहेत आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही.

फरक उरलाय तो चिल्लर गोष्टींत, आणि रोजचं जगणं चिल्लरीवरच चालतं. अँड्रॉइडवर गजराच्या आवाजाची पट्टी वेगळी. रिंग अगदी बारीक करून झोपा, सकाळी गजर ठणठणीत. आयफोनवर गजर आणि रिंग वर्षानुवर्षं एकाच पट्टीला बांधलेले, त्यामुळे रात्री रिंग कमी केली की सकाळही कुजबुजत येते. पण अँड्रॉइडच्या बाजूनेही बढाई नको. माझ्या आधीच्या फोनच्या कंपनीला (नाव नको) बॅटरी वाचवायचा इतका सोस होता की पाठीमागे चालणारं गजराचं वेगळं ॲप ती रात्रीतून झोपवून टाकायची. स्वतः गजरच झोपलेला, आणि मी त्याच्या भरवशावर.

वायफाय बंद करणं यापेक्षा सोपं काम असेल का? आयफोनच्या कंट्रोल सेंटरमधलं वायफायचं बटण दाबलं तर वायफाय बंद होत नाही, फक्त जोडणी सुटते, आणि पहाटे ५ वाजता तो पुन्हा आपणहून जोडायला मोकळा. खरोखर बंद करायचं तर सेटिंग्जमध्ये जा. अँड्रॉइड १२ ने २०२१ मध्ये वायफाय आणि मोबाइल डेटा या दोन बटणांचं मिळून 'इंटरनेट' नावाचं एकच बटण केलं. आधी एका टिचकीत होणारं काम दोनावर गेलं. दोन्हीकडे कुणीतरी हुशार माणसाने आपल्या भल्याचा विचार केलाय, हे स्पष्ट दिसतं. आपल्याला विचारलं नाही एवढंच.

आयफोनची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. लांबलचक पान वाचत खाली गेलोय, आता वर यायचंय, तर स्क्रीनच्या अगदी वरच्या काठावर, घड्याळाच्या जवळपास, एक टिचकी. पान सरसरत वर. बहुतेक ॲपमध्ये चालतं. कुणी सांगत नाही, कुठे लिहिलेलं नाही, आणि एकदा कळलं की त्याशिवाय राहवत नाही. अँड्रॉइडवर मी अजूनही त्या जागी टिचक्या मारते आणि वाट बघते.

बाबांना एक सवय दोन्ही फोनवर सारखीच. झोपण्याआधी उघडी ॲप एकेक करून वर सारून टाकायची. दारं-खिडक्या लावून घ्याव्यात तसं. मी त्यांना सांगितलं की याने बॅटरी वाचत नाही. २०१६ मध्ये एका ग्राहकाने ॲपलला ईमेल करून हेच विचारलं होतं, तेव्हा तिथले सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडरिगी यांनी कळवलं होतं की नाही, गरज नाही. अँड्रॉइडचे हिरोशी लॉकहायमरही तेव्हा त्याच सुरात बोलले. प्रतिस्पर्धी कंपन्यांचं असं एकमत क्वचितच होतं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "असेल," म्हणाले, आणि उरलेली दोन ॲपही वर सारली.

मध्यंतरी मी त्यांच्या फोनमध्ये असिस्टिव्ह टच सुरू करून दिलं. स्क्रीनवर तरंगणारं एक करडं गोल बटण, दाबलं की हव्या त्या सोयी उघडतात. घरी जा, आवाज वाढव, स्क्रीन लॉक कर, स्क्रीनचा फोटो काढ. मी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. सगळं होतं. 'मागे' नव्हतं.

परवा त्यांच्याकडे गेले होते तेव्हा मला नुसतं बघत बसायला मिळालं. ते कुणाचा तरी व्हिडिओ बघत होते. संपला. त्यांनी बाण शोधला नाही, फुली शोधली नाही, काही ओढलं नाही. अंगठा खालच्या काठावर टेकवला आणि वर सरकवला. घर. मग निरोपांचं ॲप पुन्हा उघडलं, यादीतून पुन्हा ते नाव काढलं आणि पुढचा व्हिडिओ लावला.

"दर वेळी पहिल्यापासून?" मी विचारलं.

"मग काय," ते म्हणाले. "ओळ बिघडली की खोडत बसायचं नाही. कागद काढायचा, नवा घालायचा."

मग त्यांना मी सहलीचे फोटो दाखवले, माझ्या फोनवर. ते बराच वेळ एकेक फोटो पुढे ढकलत राहिले. बघून झाल्यावर क्षणभर थांबले, फोन जरा तिरका करून पाहिला, आणि खालच्या काठावरून अंगठा वर सरकवला. फोटो गेले, माझी होम स्क्रीन आली.

"तुझ्यातही चालतं की हे," म्हणाले, आणि फोन माझ्या हातात दिला.